मारिओ अजीचा चौदावा नंबर कसा वाचायचा

२० मार्च २०२२. इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावर, मांडालिका सर्किटवर मोटोजीपीच्या सर्वांत लहान वर्गाची, मोटो३ची, रेस संपली तेव्हा इंडोनेशियाचाच रायडर मारिओ सुर्यो अजी निकालाच्या यादीत चौदावा होता. आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत त्यानं तिसरी वेळ नोंदवली होती, म्हणजे रेसची सुरुवात थेट पहिल्या रांगेतून. मोटारसायकलच्या जागतिक ग्रां प्रीमध्ये इंडोनेशियाचा रायडर पहिल्या रांगेत उभा राहण्याची ती पहिलीच वेळ, आणि तीही घरच्या मैदानावर. शनिवारी देशभर जल्लोष झाला. रविवारी मात्र बऱ्याच लोकांनी एवढंच पाहिलं, की पोरगा तिसऱ्यावरून चौदाव्यावर घसरला.

मोटोजीपी आपल्याकडे आवडीनं बघितली जाते, पण बघणाऱ्यांचं लक्ष असतं मुख्य वर्गावर, ज्यालाही मोटोजीपीच म्हणतात. खालच्या दोन वर्गांत, मोटो३ आणि मोटो२मध्ये, जी मुलं धडपडत असतात त्यांचे निकाल आपण वरवर चाळतो. पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, असेल तर चांगला, नाहीतर सुमार. मारिओची कारकीर्द अशी वाचली तर हाती काही लागत नाही, कारण २०२५च्या अखेरपर्यंत त्याच्या नावावर ग्रां प्रीतला एकही पोडियम नाही. तरीही मला ही कारकीर्द महत्त्वाची वाटते. का, ते समजायला त्या चौदाव्या नंबरात काय काय दडलेलं आहे ते उलगडून बघायला हवं.

आधी गुणांचा हिशोब. रेसमध्ये पहिल्या पंधरा जणांनाच गुण मिळतात. पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, चौथ्याला १३, पाचव्याला ११, मग १० पासून एकेक कमी होत पंधराव्याला १. चौदाव्याचे २ गुण. ऐकायला किरकोळ वाटतात. पण सोळाव्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांच्या खात्यात शून्य पडतं. जागतिक स्पर्धेच्या पहिल्याच पूर्ण हंगामातली ती मारिओची दुसरी रेस होती आणि चारच दिवसांपूर्वी त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली होती.

आता शनिवार आणि रविवार यांत फरक का पडतो? पात्रता फेरीत रायडरला एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण चक्कर, वेगवान काढायचा असतो. सरावातल्या वेळा धरून सर्वांत वेगवान चौदा जण थेट दुसऱ्या फेरीत जातात, उरलेल्यांच्या पहिल्या फेरीतून आणखी चार येतात, आणि या अठरा जणांत पंधरा मिनिटांत पुढच्या जागांचा निकाल लागतो. नवा टायर, टाकीत थोडंसंच पेट्रोल, मोकळा रस्ता आणि एकाग्रता एवढं जमलं तर नवखाही चमकू शकतो. घरच्या सर्किटचा थोडा फायदाही असतो. रेस मात्र तेवीस लॅपची. तिथं रायडर एकटा नसतो, आणि मोटो३मध्ये एकटं नसणं हाच सगळा खेळ आहे.

मोटो३ची बाइक म्हणजे २५० सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन. ताकद साधारण साठ हॉर्सपॉवर. बाइक आणि रायडर मिळून किमान वजन १५२ किलो. एवढ्याशा इंजिनावर ही पोरं लांब सरळ रस्त्यांवर ताशी सव्वादोनशेच्या पुढे जातात. त्या वेगाला इंजिनाची बहुतेक ताकद समोरची हवा फोडण्यात खर्ची पडते. म्हणून जो पुढच्या बाइकच्या अगदी पाठीला चिकटून जातो त्याचं काम हलकं होतं. भरधाव एसटीच्या मागे सायकल घातली की पायडल आपोआप हलकं होतं, तसंच हे. हवा पुढचा फोडतो आणि मागचा त्या पोकळीत ओढला जातो. याला स्लिपस्ट्रीम म्हणतात. ताकदीच्या मोठ्या बाइकवर त्याचा फायदा होतोच, पण साठ हॉर्सपॉवरवर तो निर्णायक ठरतो.

याचा परिणाम काय होतो ते बघा. सरळ रस्त्यावर सर्वांत पुढे असणं तोट्याचं ठरतं, कारण मागचे दोघे-तिघे पोकळीचा फायदा घेऊन वळणाच्या आधी बाजूनं निघून जातात. पुढच्या लॅपला ते तुमच्या जागी असतात आणि तुम्ही त्यांच्या. त्यामुळे कुणी फार पुढे निसटू शकत नाही आणि दहा-दहा, पंधरा-पंधरा जणांचा जथा एकत्र पळत राहतो. अशा जथ्यात चौथा आणि बारावा यांच्यात कधीकधी दोन सेकंदांचंही अंतर नसतं.

या जथ्यातलं एकच वळण जवळून बघू. सरळ रस्ता संपत आलाय, चार बाइक जवळजवळ एका रेषेत आहेत. सगळे टाकीवर पोट टेकवून, हनुवटी खाली दाबून बसलेले. ब्रेक मारायच्या जागेपाशी चौघंही एकदम उठून बसतात, छातीवर हवेचा धक्का घेतात. जो सर्वांत उशिरा ब्रेक मारतो तो वळणात सर्वांत आधी शिरतो खरा, पण वेग जास्त असल्यानं त्याची बाइक वळणाच्या बाहेरच्या कडेकडे ओढली जाते. त्याच्या आतल्या बाजूला जागा पडते, आणि तिथून एक नाही, दोघं-तिघं घुसतात. बाहेर गेलेल्याला ॲक्सिलरेटर पिळायला अर्धा सेकंद उशीर होतो. लहान इंजिनावर तो अर्धा सेकंद भरून काढायला पुढचा अख्खा सरळ रस्ता लागतो. एक वळण चुकलं आणि चार नंबर गेले. नवख्या रायडरच्या हातून हे रेसमध्ये दोन-तीनदा झालं, की तिसऱ्याचा चौदावा व्हायला वेगळं काही घडावं लागत नाही.

त्यात मांडालिका नवं कोरं. ४.३ किलोमीटरचं, १७ वळणांचं हे सर्किट २०२१च्या नोव्हेंबरात सुपरबाइकच्या रेसनं सुरू झालं. २०२२च्या फेब्रुवारीत मोटोजीपीच्या चाचण्या झाल्या तेव्हा डांबर उखडून खडी उडायला लागली, म्हणून रेसच्या आधी ट्रॅकच्या काही भागावर नवा थर टाकावा लागला. रायडर ज्या रेषेवरून जातात तेवढीच स्वच्छ, बाजूला धूळ. रेषेवरून ढकललं गेलं की टायरला पकडच नाही. वर उष्ण कटिबंधातली दुपार. त्या दिवशी उष्णतेमुळे डांबराची अशी अवस्था झाली, की मोटोजीपीची रेस २७ लॅपवरून २० लॅपवर आणावी लागली. नंतर पाऊस कोसळला आणि ती उशिरा सुरू झाली. पाऊस थांबवण्यासाठी पिट लेनमध्ये मंत्र म्हणत अनवाणी फिरणाऱ्या बाईंची चित्रफीत जगभर गाजली. मारिओची पहिली रांग त्या गलबल्यात मागे पडली.

आता हा मुलगा तिथपर्यंत आला कसा, ते बघू.

मारिओचं गाव मागेतान, पूर्व जावात, लावू पर्वताच्या उतारावर. चामड्याच्या वस्तूंसाठी आणि सारांगानच्या तळ्यासाठी ओळखला जाणारा हा भाग. जन्म २००४चा. इंडोनेशियात दहा कोटींहून जास्त मोटारसायकली आहेत. शाळा, बाजार, शेत, ऑफिस, सगळीकडे माणसं दुचाकीवर. गावोगावच्या रेसही त्याच रोजच्या बाइकवर होतात. स्कूटरसारखी बारीक चौकट आणि ११०-१५० सीसीचं इंजिन असलेली ही बाइक, जिला तिथं ‘बेबेक’ म्हणतात. शहरातला बंद केलेला रस्ता किंवा पार्किंगची मोकळी जागा, कडेला टायरांची भिंत, आणि शाळकरी पोरं गुडघा घासत वळणं घेतायत, हे दृश्य जावाभर दिसतं.

मग इतक्या मोठ्या हौशी देशातून जागतिक पातळीवर इतके कमी रायडर का आले? मला याचं कारण ट्रॅकमध्ये दिसतं. आखूड, कमी वेगाच्या ट्रॅकवर वाढलेल्या मुलाला चपळाई येते, पण ताशी दोनशेच्या वेगानं येऊन वळणात बाइक घालायची सवय होत नाही. देशात दीर्घकाळ आंतरराष्ट्रीय दर्जाचं नाव घेण्याजोगं एकच सर्किट होतं, बोगोरजवळचं सेंटुल. १९९६ आणि १९९७ला तिथं ग्रां प्री झाली आणि त्यानंतर मांडालिकापर्यंत थेट पंचवीस वर्षांचा खंड पडला. एका पिढीनं मोठी रेस फक्त टीव्हीवर बघितली.

या खंडाच्या काळातही काही जण गेले. योग्याकार्ताजवळच्या स्लेमानचा दोनी ताता प्रादिता २००८मध्ये २५० सीसी वर्गाचा (ज्याच्या जागी पुढे मोटो२ आला) पूर्ण हंगाम यामाहावर धावला आणि २०१३मध्ये मोटो२त पुन्हा आला. त्याच वर्षी रफिद तोपानही मोटो२त होता. २०१९मध्ये दिमास एक्की प्रतामा, २०२०मध्ये अंदी फरीद इझदिहार. बहुतेकांची गोष्ट सारखीच: देशात जिंकायचे, थेट मोठ्या वर्गात टाकले जायचे, मागच्या रांगांत झुंजायचे, एक-दोन हंगामांत जागा जायची. हे रायडर कच्चे होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या अनेकांच्या पायाखाली मधल्या पायऱ्या पुरेशा नव्हत्या.

मारिओच्या पिढीला त्या पायऱ्या मिळाल्या. इंडोनेशियातल्या होंडाच्या भागीदार कंपनीनं, अस्त्रा होंडानं, २०१० पासून मुलांसाठी रेसिंग स्कूल चालवलं. २०१४ पासून एशिया टॅलेंट कप सुरू झाला. आशियातली किशोरवयीन मुलं, सगळ्यांना सारखी होंडा एनएसएफ २५०आर बाइक, आणि रेस मलेशियातल्या सेपांगसारख्या खऱ्या ग्रां प्रीच्या सर्किटांवर. बाइक सारखी असल्यानं वडिलांचा पैसा किंवा मेकॅनिकची करामत आड येत नाही. वेग कुणाच्या हातात आहे ते उघड दिसतं. याच कपातून थायलंडचा सोमकियत चंत्रा आला, तो २०१६चा विजेता. जपानचा आय ओगुराही इथलाच, जो पुढे २०२४मध्ये मोटो२चा जगज्जेता झाला.

मारिओ २०१८ आणि २०१९ला टॅलेंट कपमध्ये धावला. पुढची पायरी स्पेन. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं तो सीईव्ही या कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत होता, जिचं नाव पुढे ज्युनिअरजीपी झालं. हेरेझ, बार्सिलोना, वालेन्सिया. युरोपातल्या मुलांना हे ट्रॅक लहानपणापासून तोंडपाठ. आशियातून गेलेल्या मुलाला भाषा येत नाही, जेवण वेगळं, आईवडील हजारो किलोमीटर दूर, आणि पहिलं वर्ष करोनाचं. माझ्या मते मारिओच्या कारकिर्दीतली सर्वांत कमी चर्चा झालेली आणि सर्वांत मोलाची वर्षं हीच. २०२२मध्ये तो होंडा टीम एशियात मोटो३साठी आला तेव्हा युरोपातले ट्रॅक त्याला अनोळखी नव्हते. त्याच्या आधीच्या सगळ्यांना ही तयारी मिळाली नव्हती.

होंडा टीम एशिया हा संघ आशियाई रायडरांसाठीच उभा केलेला. व्यवस्थापक हिरोशी आओयामा, जपानचे, २००९चे २५० सीसी जगज्जेते. हा संघ नसता तर मारिओला जागा मिळवणं फार अवघड झालं असतं, कारण मोटो३ आणि मोटो२मध्ये अनेक रायडरांना प्रायोजकाचा पैसा स्वतः घेऊन यावा लागतो.

२०२२ आणि २०२३ ही दोन वर्षं मोटो३त गेली. मांडालिकासारखा शनिवार रोज उगवला नाही. बऱ्याच रेस गुणांच्या अलीकडे-पलीकडे संपल्या. आणि २०२४ला तो मोटो२त गेला. इथं अनेकांना प्रश्न पडतो, की मोटो३त पोडियम नसताना बढती कशी? उत्तर सरळ आहे. ओगुरानं २०२३नंतर संघ सोडला आणि मोटो२तली त्याची जागा रिकामी झाली. रेसिंगमध्ये बढती बरेचदा गुणांवर कमी आणि रिकाम्या खुर्चीवर जास्त ठरते. खुर्ची रिकामी असताना नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी ती मिळेलच असं नाही. मला विचाराल तर मोटो३चं आणखी एक वर्ष त्याच्या फायद्याचं ठरलं असतं. जथ्यात कसं टिकायचं हे शिकणं अर्धवट राहिलं. पण त्याच्या जागी कुणीही असतं तरी हाच निर्णय घेतला असता.

मोटो२ म्हणजे काय, हे इथं नीट समजून घ्यायला हवं, कारण २०२४ आणि २०२५चे निकाल त्याशिवाय कळत नाहीत. २०१९ पासून मोटो२तल्या सगळ्यांना एकच इंजिन मिळतं: ट्रायम्फचं तीन सिलिंडरचं ७६५ सीसी, ताकद १४० हॉर्सपॉवरच्या आसपास. चेसिस, म्हणजे बाइकचा सांगाडा, संघानं निवडायचं, बहुतेकांकडे जर्मन कालेक्स. बाइक आणि रायडर मिळून किमान वजन २१७ किलो. मोटो३पेक्षा पासष्ट किलो जास्त आणि ताकद दुपटीहून जास्त.

आता हातांना काय बदलावं लागतं? मोटो३त गेलेला वेग परत मिळवायला इंजिनात जीव नसतो, म्हणून रायडर वेग सोडतच नाही. ब्रेक हलका, वळण मोठ्या गोलाईचं, बाइक बराच वेळ टायरच्या कडेवर झुकलेली. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून अंगात हेच भिनलेलं असतं. मोटो२त ही सवय नडते. इथं ब्रेक सरळ रेषेत आणि कडक मारायचा, बाइक लहान जागेत पटकन वळवायची, आणि शक्य तितक्या लवकर सरळ करून टायरच्या रुंद भागावर आणायची, मगच ॲक्सिलरेटर पिळायचा. बाइक झुकलेली असतानाच मूठ जास्त उघडली तर मागचं चाक फिरून निसटतं. नुसतं निसटलं तर टायर तापून झिजतो आणि शेवटच्या पाच लॅपला हातात काही उरत नाही. निसटून अचानक पकड मिळाली तर बाइक रायडरला वरून फेकून देते.

ही सवय बदलताना रायडर प्रत्येक वळणाला दशांश-शतांश सेकंद गमावतो. आता सगळ्यांचं इंजिन सारखं असल्यानं वेळाही खेटून असतात. बऱ्याच सर्किटांवर पात्रता फेरीत पहिल्या वीस जणांत जेमतेम एका सेकंदाचं अंतर असतं. सतरा वळणांच्या ट्रॅकवर वळणाला तीन शतांश सेकंद गमावले तर लॅपला अर्धा सेकंद जातो. म्हणजे दहाव्याचा विसावा. टीव्हीवर बघणाऱ्याला तो मागे पडलेला दिसतो, प्रत्यक्षात पापणी लवायच्या आत संपणारा फरक असतो. शिवाय मारिओ आला त्याच २०२४मध्ये मोटो२चे टायर डनलॉपऐवजी पिरेलीचे झाले. जुन्यांनाही सेटिंग नव्यानं शोधावी लागली, आणि नवख्याला ताडून बघायला मागच्या वर्षांची आकडेवारीही फारशी उपयोगाची राहिली नाही.

म्हणून मारिओचा निकाल बघताना मी अंतिम नंबराच्या आधी तीन गोष्टी बघतो. एक, पात्रता फेरीत पहिल्यापासून किती सेकंद मागे. हे अंतर हंगामागणिक कमी होतंय का? दोन, सहकारी कुठे आहे. २०२४ला सहकारी होता चंत्रा, त्याच मांडालिकात २०२२ची मोटो२ रेस जिंकणारा, आणि २०२५ला थेट मोटोजीपीत गेलेला. त्याच्याशी बरोबरी पहिल्या वर्षी अपेक्षित नव्हती. तीन, शेवटच्या पाच लॅपच्या वेळा. तिथं वेळ फार वाढत नसेल तर टायर सांभाळायला तो शिकतोय. पंधराव्याचा एक गुण मिळाला की नाही, यापेक्षा या तीन गोष्टी जास्त सांगून जातात.

इंडोनेशियातल्या चाहत्यांचं प्रेम अफाट आहे, पण त्याचा भार रायडरवर पडतो. अठ्ठावीस कोटींचा देश, २०२२ ते २०२५ ग्रां प्रीच्या पूर्ण हंगामात एकच आपला माणूस, आणि वर्षातून एकदा रेस घरच्या अंगणात. त्या आठवड्यात जाहिराती, मुलाखती, मंत्र्यांच्या भेटी. मांडालिकातला प्रत्येक निकाल राष्ट्रीय बातमी होतो. दुखापत झाली तरी लोक पुढच्या रेसची तारीख विचारतात. या खेळात खांदा किंवा हात मोडणं नेहमीचंच, आणि पुरता बरा न झालेला खांदा घेऊन मोटो२ची बाइक ब्रेकखाली रोखून धरणं काय असतं, याची कल्पना आपण बाहेर बसून करू शकत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना हे जवळचं वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. टॅलेंट कपमधली तीच एनएसएफ २५०आर बाइक भारतातही धावली आहे, होंडाच्या इंडिया टॅलेंट कपमध्ये, चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर. पुण्याची मुलंही तिथं जाऊन शर्यती धावली आहेत. आपल्याकडे खोट पडते ती त्यानंतर. चेन्नईनंतर स्पेनमधली दोन वर्षं कुणी द्यायची, याचं उत्तर इंडोनेशियानं शोधलं, आपण अजून नाही. २०२३च्या सप्टेंबरात ग्रां प्री नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर येऊन गेली, पण पायऱ्या तशाच अपुऱ्या राहिल्या.

तिकडे पुढची फळी तयार झाली आहे, आणि ती मारिओपेक्षा सरस वाटते. गुनुंग किदुल भागातल्या वोनोसारीचा वेदा एगा प्रतामा, जन्म २००८चा. २०२३मध्ये तो एशिया टॅलेंट कप जिंकणारा पहिला इंडोनेशियन ठरला. मग दोन वर्षं रेड बुल रूकीज कप, जिथं युरोपातली सर्वोत्तम पोरं असतात, आणि २०२५ला तिथं एकूण दुसरा. २०२६साठी होंडा टीम एशियानं त्याला मोटो३त घेतलं. म्हणजे मारिओ जी वाट चालला त्याच वाटेनं, पण हातात जास्त विजय घेऊन.

दुसऱ्या वाटेनं अल्दी सत्या महेंद्र आला. सुपरबाइकच्या जागतिक स्पर्धेबरोबर सुपरस्पोर्ट ३०० नावाचा वर्ग असे. तिथं शोरूममध्ये मिळणाऱ्या, यामाहा आर३सारख्या बाइक रेससाठी तयार करून पळवायच्या. २०१७ला हेरेझमध्ये गलांग हेंद्रानं तिथली रेस जिंकून दार उघडलं होतं. २०२४ला अल्दी त्या वर्गाचा जगज्जेता झाला, रोड रेसिंगमधला इंडोनेशियाचा पहिला. त्याची आणि मारिओची तुलना करणारे बरेच भेटतात. ती करू नये. अल्दीचं विजेतेपद पूर्णपणे त्याचं आहे, पण दोघांच्या बाइक, प्रतिस्पर्धी आणि पुढच्या पायऱ्या सगळंच वेगळं. अल्दी २०२५ला सुपरस्पोर्टच्या मोठ्या वर्गात गेला, आणि तिथं त्यालाही मारिओसारखंच वजनदार बाइकवर हात नव्यानं बसवावे लागले. त्याच्या त्या हंगामाचे निकाल बघायचे असतील तर तिथंही पहिल्यापासूनचं अंतर आणि शेवटचे पाच लॅप आधी बघा.